टायमर चालला म्हणजे ट्रिम झालंच असं नाही

लिनक्समध्ये आठवड्याचा एफएसट्रिम टायमर (रिकाम्या झालेल्या जागेची खबर खालच्या स्टोरेजला देणारी, म्हणजे ट्रिम करणारी, ठरल्या वेळी चालणारी आज्ञा) चालू ठेवला की थिन व्हॉल्यूमची, म्हणजे सामायिक पूलमधून लागेल तशी जागा घेणाऱ्या आभासी डिस्कची, जागा आपोआप परत मिळते, असं सांगतात. तत्त्व बरोबर आहे. फाइल उडवली तरी फाइलसिस्टिम फक्त स्वतःच्या नोंदी बदलते. ब्लॉक रिकामे झाले हे खालच्या स्टोरेजला डिस्कार्ड, म्हणजे 'हे ब्लॉक आता नकोत' हा निरोप, पोचल्यावरच कळतं. पण मधले थर तो डिस्कार्ड खाली सोडतात का, हे आधी बघा.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा बॅकअप सर्व्हर मी सांभाळतो. ऐन मे महिन्यात पूल ९४ टक्के भरला, आणि डीएफ (फाइलसिस्टिममधली मोकळी जागा दाखवणारी आज्ञा) मात्र निम्मी डिस्क रिकामी दाखवत होतं. टायमर दर सोमवारी बिनतक्रार चालत होता. एलएसबीएलके या डिस्कांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेला कॅपिटल डीचा पर्याय दिला तेव्हा उलगडा झाला: खालच्या डिस्कसमोर डिस्कार्डचे आकडे नीट होते, पण लक्स या डिस्क एन्क्रिप्शनच्या थराच्या ओळीत शून्य. लक्स मुळात डिस्कार्ड अडवतं, आणि टायमरच्या सर्व्हिसमध्ये 'सपोर्ट नसेल तर गप्प राहा' हा पर्याय आधीच घातलेला असतो. म्हणून चूक कुठेच दिसत नाही. हातानं एफएसट्रिम चालवलं की लगेच एरर येते. क्रिप्टटॅब या एन्क्रिप्शनच्या सेटिंग फाइलच्या चौथ्या रकान्यात डिस्कार्ड लिहिलं, रीबूट केलं, पुन्हा ट्रिम केलं, तेव्हा पूल खाली आला. मात्र डिस्कार्ड असा खाली सोडला की कुठले ब्लॉक रिकामे आहेत हे बाहेरून ओळखता येतं, तेव्हा डेटा फार संवेदनशील असेल तर विचार करूनच करा. आणि जुने स्नॅपशॉट (व्हॉल्यूमच्या आधीच्या स्थितीच्या जपलेल्या प्रती) आधी काढा, त्यांनी धरलेले ब्लॉक ट्रिमनं सुटत नाहीत.