नळदुरुस्तीच्या मजुरीचा हिशेब

गळक्या नळाचा स्पिंडल (नळ उघड-बंद करणारा आतला भाग) बदलायला प्लंबरने 10 मिनिटांचे 400 रुपये घेतले, ही तक्रार समजण्यासारखी असली तरी हिशेब केवळ त्या 10 मिनिटांचा नसतो. येण्याजाण्याचा वेळ, पेट्रोल, हार्डवेअरच्या दुकानातली फेरी आणि दोन कामांमधला रिकामा वेळ हे सारे त्याच मजुरीतून भरून निघावे लागते; म्हणूनच किरकोळ कामे साठवून एकाच फेरीत करून घेणे स्वस्त पडते. ॲपवरून माणूस बोलावल्यास कंपनीचे कमिशन असतेच, शिवाय वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असल्यामुळे ज्या कारागिराला जीएसटी नोंदणीची गरज नसते, त्याच्या सेवेवरचा करही कायद्याने ॲप चालवणाऱ्या कंपनीलाच भरावा लागतो आणि तो अर्थातच आपल्या बिलात येतो. सामानाची पावती मात्र वेगळी मागावी (पितळी आणि प्लॅस्टिकच्या स्पिंडलच्या किमतीत बराच फरक असतो). भिंतीतल्या पाइपाचे काम असेल, तर फोडलेली टाइल पुन्हा बसवण्याची मजुरी दरात धरली आहे का, हे आधीच विचारून घ्यावे, कारण प्लंबर सहसा ते काम गवंड्यावर सोडून निघून जातो.