वाल रोझेगमध्ये ग्रॅव्हल राइड केलीये का कोणी?

निनाद_के: जुलैत स्वित्झर्लंडला चाललोय, एंगाडीनमध्ये एक दिवस ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्यावर चालवायची सायकल) भाड्याने घ्यायचीये. गाड्यांची कटकट नको आणि चढही झेपेल इतपतच हवा. पोन्त्रेझिना गावाजवळची वाल रोझेग ही दरी कशी आहे?

चाकोरीबाहेर: डोळे झाकून जा! खाजगी गाड्यांना बंदीच आहे तिथे. पोन्त्रेझिना स्टेशनपासून वरच्या हॉटेलपर्यंत साधारण ७ किमी कच्चा रस्ता, चढ जेमतेम सव्वादोनशे मीटर, बाजूला हिमनदीचं दुधाळ पाणी आणि समोर बर्फाचे डोंगर, अजून काय पाहिजे!

मेधा७: घोडागाड्या असतात पण, त्यांच्या मागून जाताना लांबूनच आवाज द्या, अगदी जवळ जाऊन घंटी वाजवली तर घोडं बुजतं. टायर ४० मिमी रुंदीचे घ्या, हवा जरा कमी ठेवा, आणि उतरताना सुट्या खडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबू नका.

निनाद_के: घोड्यांचं लक्षातच आलं नसतं, थँक्स!