फुलरीन सोडून लिथोग्राफी? तसं नाही

फुलरीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा पोकळ गोळ्यासारखा रेणू. त्याच्या शोधाला मिळालेल्या नोबेलची हवा विरल्यावर फुलरीनवाले लिथोग्राफीकडे (चिपवर बारीक नक्षी उमटवण्याच्या तंत्राकडे) वळले म्हणजे त्यांनी फील्डच बदललं, असं कोणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. बर्मिंगहम विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स रॉबिन्सन यांचं काम बघा, तिथे फुलरीन हाच रेझिस्ट आहे, म्हणजे वेफरवरचा (चिप बनवायच्या सिलिकॉनच्या चकतीवरचा) तो पातळ थर ज्यावर प्रकाश किंवा इलेक्ट्रॉनचा मारा करून नक्षी काढतात. नेहमीचे रेझिस्ट पॉलिमरचे, शेवयांसारखा साखळ्यांचा गुंता, त्यामुळे रेषा अगदी बारीक झाल्या की कडा खडबडीत येतात. सी-६० चा, म्हणजे ६० कार्बन अणूंच्या फुलरीनचा, गोळा जेमतेम १ नॅनोमीटरचा, आणि सगळा कार्बनच असल्याने एचिंगमध्ये (नक्षीप्रमाणे खालचा थर कोरताना) टिकतो पण मस्त.

गोम अशी की नुसत्या सी-६० ला इलेक्ट्रॉनचा डोस भयंकर लागतो, कारखान्यात ते परवडणारच नाही. मग खरी केमिस्ट्री सुरू होते: गोळ्याला बाजूचे गट जोडून तो नीट विरघळेल असा करायचा, वर रेणू एकमेकांना जोडणारा एपॉक्सी क्रॉसलिंकर आणि प्रकाश पडल्यावर अ‍ॅसिड सोडणारं रसायन घालायचं. अ‍ॅसिडचा एक रेणू बऱ्याच रिअ‍ॅक्शन घडवतो म्हणून डोस कमी लागतो. ही मूळ युक्ती आयबीएममधल्या इतो, विल्सन, फ्रेशे यांची, १९८० च्या दशकातली, फुलरीनवाल्यांनी ती आपल्या रेणूवर बसवली. याच कामातून इरेझिस्टिबल मटेरिअल्स ही कंपनी निघाली आणि आता ती १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या ईयूव्ही (एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट) प्रकाशासाठी रेझिस्ट करते. याला फील्ड बदलणं कसं म्हणायचं?