क्लम्पकी बाई होती??

थर्डइयर_फिजिओ:
उद्या न्यूरोची व्हायवा आहे, अर्ब आणि क्लम्पकी हे हाताचे दोन पॅरालिसिस दोन वर्षं घोकतेय, मानेतून हाताला जाणाऱ्या नसांची वरची मुळं गेली की अर्ब, खालची सी८-टी१ गेली की क्लम्पकी, क्लॉ हँड म्हणजे बोटं पंजासारखी वाकडी, संपलं. आज रूममेट म्हणते अगं क्लम्पकी बाई होती. माझ्या डोक्यात तर कायम दाढीवाला जर्मन म्हातारा होता 😅 खरंय का?

जुनी_पुस्तकं:
खरंय. ऑगुस्ता क्लुम्पके, जन्म १८५९, सॅन फ्रान्सिस्को, शिकली पॅरिसला. तिथे बायकांना हॉस्पिटलात इंटर्नच्या परीक्षेला बसूच देत नव्हते, १८८५ ला परवानगी मिळाली तीही केवढ्या आरडाओरड्यानंतर, आणि ती परीक्षा पास होणारी पहिली बाई हीच. आपल्यासारखी एमबीबीएसनंतर आपोआप मिळणारी इंटर्नशिप नाही हं, तिकडे त्यासाठी जबरदस्त स्पर्धा असायची. बहिणीही अशाच, एक चित्रकार, एक खगोलशास्त्रज्ञ, एक व्हायोलिन वाजवायची. काय घर असेल!

हात_दाखवा:
आणि या पॅरालिसिसवरचा पेपर तिने स्टुडंट असतानाच लिहिला, १८८५ मध्ये. मेन गंमत क्लॉ हँडमध्ये नाहीये, डोळ्यात आहे. हात लुळा पडलेल्या पेशंटची त्याच बाजूची बाहुली बारीक का होते, पापणी का उतरते, हे तिने उलगडलं. टी१ च्या मुळाजवळून सिम्पथेटिकला, म्हणजे बाहुली-पापणी सांभाळणाऱ्या नसांना, फांदी जाते, तीच तुटते. म्हणजे पापणी उतरलेली दिसली की समजायचं मार पार मणक्याजवळ लागलाय, ना एमआरआय ना काही, नुसतं बघून! व्हायवात हे सांग, क्लॉ हँड सगळेच सांगतात.

जुनी_पुस्तकं:
नवरा ज्यूल देजेरीन, तोही मोठा न्यूरॉलॉजिस्ट. मेंदूच्या रचनेवरचा दोन खंडांचा जाडजूड ग्रंथ दोघांच्या मेहनतीचा, पण बरेच जण नवऱ्याचंच नाव घेतात, ते मला खटकतं. १९१४ ला पॅरिसच्या न्यूरॉलॉजी सोसायटीची ती अध्यक्ष झाली, पहिली बाई. मग महायुद्ध. कंबरेखाली लुळे पडलेले सैनिक, त्यांच्या सांध्यांभोवती नको तिथे हाड वाढतं हे तिने आणि सेलिए नावाच्या सहकाऱ्याने १९१८ मध्ये लिहून ठेवलं. तुम्ही लोक हेटरोटॉपिक ऑसिफिकेशन म्हणता ना, तेच.

थर्डइयर_फिजिओ:
अरे हे तर आमच्या रिहॅबच्या पेपरला आहे!! आणि तिचं नाव कुठेच नाही.

थर्डइयर_फिजिओ:
अपडेट: व्हायवा झाली. पापणी, बाहुली सगळं तयार करून गेले होते, एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, पूर्ण वेळ स्ट्रोकच विचारला 🙄