मदत हवी आहे: शाफ्टचा बोटभर तुकडा उरलाय, ताकद कशी तपासू?

मंडळी, मिरकरवाड्यातल्या एका ट्रॉलरचा स्टेनलेस स्टीलचा प्रोपेलर शाफ्ट चावीच्या खाचेपाशी तुटला. दुकानदार म्हणतो ३१६ (खाऱ्या पाण्यात कमी गंजणारा स्टेनलेसचा प्रकार) आहे, मला शंका आहे. बाकीचा शाफ्ट आमच्याच पोराने भंगारात घातला (काय बोलणार!). हातात आहे जेमतेम ३० मिमी लांबीचा तुकडा. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा रेषा दिसतात, म्हणजे फटिग (वारंवार ताण पडून हळूहळू वाढलेली चीर) असणार. पण मूळ मालच हलका होता का, ते बघायचंय.

नेहमीच्या टेन्साइल (ओढून तोडायच्या चाचणीच्या) नमुन्याला १२.५ मिमी व्यास आणि ५० मिमी गेज लांबी (ताण मोजायचा मधला भाग) लागते, ती यातून निघणं शक्य नाही. २.५ मिमी व्यास, १० मिमी गेजचा छोटा नमुना चालतो म्हणतात. शिवाय स्मॉल पंच टेस्ट आहे: ८ मिमीची, अर्धा मिमी जाडीची चकती, वरून २.५ मिमीची गोळी दाबायची. त्यातून यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू-ताणू लागतो तो) थेट मिळत नाही, सहसंबंध लावून काढावं लागतं. भरपाईच्या क्लेममध्ये असा निकाल कितपत धरतील?

रत्नागिरी ते गोव्यापर्यंत कुणी असे बारीक नमुने तपासतं का? वायरकटने (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने) कापू की लेथवर? लेथवर पृष्ठभाग कडक होईल अशी धास्ती आहे. रासायनिक तपासणीला थोडा चुराही ठेवायचाय.