आर्मरेस्ट घरीच बसवायचा आहे : वरून स्क्रू मारले तर चालते का?

संत्रानगरी_३१
हॅचबॅक आहे, मॅन्युअल गिअर, हँडब्रेक दोन सीटच्या मधात. गाडीच्या मॉडेलचाच म्हणून ऑनलाइन आर्मरेस्ट (कोपर टेकवायचा डबा) मागवला. खोक्यात निघाले ते एवढेच: लोखंडी ब्रॅकेट, वरचा डबा, ४ सेल्फ-टॅपिंग स्क्रू आणि चित्रांचा एक कागद. कागदात ब्रॅकेट कन्सोलच्या (दोन सीटच्या मधातल्या प्लास्टिकच्या भागाच्या) मागच्या बाजूवर ठेवून सरळ वरून स्क्रू मारलेले दाखवले आहेत. घरी ड्रिल आहे. असे चालते का, की कन्सोल काढावेच लागते?

पाना_पेचकस
काढावेच लागते, भाऊ. कन्सोलचे प्लास्टिक जेमतेम २-३ मिमी जाड असते. सेल्फ-टॅपिंग स्क्रू त्यात दोन-तीन आटेच धरतो. कोपराचा भार तो सहन करेल, पण मागे बसलेला माणूस उतरताना आर्मरेस्टलाच धरून उठतो. त्या एका हिसक्यात आटे जातात, मग भोक मोठे होते आणि खटखट सुरू. दुसरे म्हणजे खाली काय आहे ते वरून दिसत नाही. हँडब्रेकची केबल, वायरिंग आणि पुष्कळ गाड्यांत एअरबॅगचे मॉड्यूलही तिथेच असते.

आधी काहीच न उघडता डबा नुसता ठेवून पाहा. हँडब्रेक शेवटच्या खाचेपर्यंत ओढा, सीट पूर्ण पुढे-मागे सरकवा, दोन्ही बेल्टची बकलं लावून पाहा. आणि गिअर दुसऱ्यात, चौथ्यात टाका. हे दोन्ही मागे ओढायचे गिअर, डावा कोपर तिथेच आपटतो. आपटत असेल तर ब्रॅकेट १-२ सेंमी मागे घ्या.

मग गाडी सपाट जागी, चाकांना विटा, पहिला गिअर. इग्निशन बंद, १० च्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. कन्सोलचे स्क्रू लपलेले असतात: कपहोल्डरच्या रबराखाली, गिअरच्या कव्हरखाली, मागे दोन्ही बाजूंना. प्लास्टिकच्या गोल क्लिपची मधली टिकली आधी आत दाबा (काहींची वर ओढावी लागते), मगच क्लिप उचला. पेचकसाने उपटली की तुटलीच. हँडब्रेक पूर्ण वर ओढल्याशिवाय कन्सोल निघत नाही. उचलताना खाली यूएसबी किंवा सॉकेटची वायर जोडलेली असेल, आधी ती सोडवा. पिवळा कनेक्टर दिसला तर हात लावू नका, तो एअरबॅगचा.

भोके कन्सोल बाहेर काढूनच पाडा. मास्किंग टेप लावा, ब्रॅकेटमधून खूण करा, आधी ३ चे बिट, मग ५.५ चे. ड्रिल हळू फिरवा, वेगात प्लास्टिक वितळून बिटाला गुंडाळते. किटचे स्क्रू बाजूला ठेवा. ५ मिमीचे ४ बोल्ट, खालून २० मिमीचे रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले). ब्रॅकेटखाली २ मिमी रबराची पट्टी. वॉशर चिकटून बसला की फक्त पाव फेरा, जास्त आवळले तर भोकापासून तडा जातो.

वर्धारोड_४४
एवढा खटाटोप कशाला? कपहोल्डरमध्ये खोवायचा आर्मरेस्ट मिळतो, भोक नाही की काही नाही.

पाना_पेचकस
मिळतो, पण तो पाचरीसारखा नुसत्या दाबावर उभा असतो. कपहोल्डर वरून रुंद, खाली निमुळता, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात थोडा थोडा वर सरकतो. गाडी वर्षभरात विकायची असेल तर तोच घ्या, भोक दिसले की घेणारा भाव पाडतो. पण रोज हायवेवर असाल तर नको.

सावलीतली_गाडी
आपल्याकडच्या उन्हाचेही पाहा. मे महिन्यात पारा ४५ पार जातो, उन्हात उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. डबल टेपवर बसवलेले काहीही तेव्हा सरकते. बोल्टही ढिले होतात, कारण तापलेले प्लास्टिक वॉशरखाली दबते. म्हणून पंधरा दिवसांनी एकदा आणि उन्हाळा संपल्यावर एकदा नट तपासा. काम सकाळी सावलीत करा. डिसेंबरच्या थंडीत मात्र पहाटे नको, गार क्लिप कडक होऊन तुटतात. डब्यात पॉवरबँक, लायटर, स्प्रे ठेवून गाडी उन्हात सोडू नका. आणि हलके रेग्झिन दोन उन्हाळ्यांत सोलते, कापडी कव्हर बरे.

संत्रानगरी_३१
समजले. अजून दोन गोष्टी. ब्रॅकेटची दोन भोके कन्सोलच्या वाकावर येऊन राहिली, ब्रॅकेट टेकतच नाही. आणि डब्यात यूएसबी आहे, तिची वायर कुठून घेऊ?

पाना_पेचकस
वाकावर बोल्ट आवळून ब्रॅकेट बसवू नका, ताण राहून तिथेच फुटते. फटीएवढी रबराची किंवा नायलॉनची चकती घाला, बोल्ट तेवढाच लांब घ्या. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसले की पुरे. जास्त लांब ठेवला तर कन्सोल परत बसवताना तो केबलला घासतो.

यूएसबी १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये पिन खोचून चालवा. मूळ वायर सोलून जोड मारू नका, फ्यूज उडतो आणि वॉरंटीवर वाद होतो. कन्सोल बाहेर असताना इग्निशन चालू करायचे नाही. चुकून एअरबॅगचा कनेक्टर निघालेला असेल तर मीटरवर दिवा लागतो, आणि नुसता परत जोडून तो बहुतेक जात नाही, स्कॅनर (गाडीतला दोष वाचायचे यंत्र) लावावा लागतो. सगळे जोडून झाल्यावरच बॅटरी लावा, आणि हँडब्रेक चार-पाच वेळा ओढून-सोडून पाहा, कुठे अडकत तर नाही ना.

वर्धारोड_४४
शहरात चालवताना मात्र आर्मरेस्ट वर करून ठेवा. नागपुरात बर्डीच्या गर्दीत पहिला-दुसरा करताना तो आडवाच येते.