समुद्रात पवनचक्की नाही, मग पक्ष्यांवर पीएचडी कशाला?

कवडीपाटकर (धागाकर्ता)
भाचीला पुण्यात राहून पीएचडी करायची आहे. विषय: अरबी समुद्र ओलांडणारे स्थलांतरित पक्षी आणि समुद्रातल्या पवनचक्क्या. घरचे आणि ओळखीचे दोन प्राध्यापक एकच विचारतात, आपल्या समुद्रात एकही पवनचक्की नाही, मग ही मोजणार काय?

माझं म्हणणं, नाहीत तोवरच मोजायला हवं. जून २०२४ मध्ये केंद्राने गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यापुढे ५००-५०० मेगावॉटसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली आहे. एकदा खांब उभे राहिले की आधीची परिस्थिती कुणालाच सांगता येत नाही. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर हेच झालं. तिथला गाजलेला अभ्यास २०१८ साली छापून आला, म्हणजे पाती फिरायला लागून पंधराहून जास्त वर्षं झाल्यावर. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी, आणि त्यांची भीती नाही म्हणून सरडे वाढलेले, माणूस अगदी जवळ आला तरी न पळणारे. पण तुलना करावी लागली ती शेजारच्या मोकळ्या पठाराशी. त्याच जागेच्या आधीच्या नोंदी कुठून आणणार?

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतं जास्त आवडतील, भाचीला दाखवायची आहेत.

मेगावॉट_मामा
विरोधी मत हवंय ना, घ्या. चाळकेवाडीनेच तुमचा मुद्दा खोडलाय. आधीच्या नोंदी नसतानाही पक्का निष्कर्ष निघाला की!

दुसरं, डेनमार्कचा पहिला समुद्री पवनप्रकल्प १९९१चा. तेव्हापासून त्यांनी हे सगळं तपासलंय. तिथल्याच न्यस्टेड या समुद्री प्रकल्पाजवळ रडार लावून बघितलं, तर बदकं आणि हंसांचे थवे चक्क वळसा घालून जात होते. पात्यांच्या धोक्याच्या अंतरात येणारे एक टक्क्याहूनही कमी. हे २००५ सालीच प्रसिद्ध झालंय. तेच परत शोधायला महिना ३७,००० रुपयांपासून सुरू होणारी फेलोशिप पाच वर्षं द्यायची? तोवर कोळसा जळतोच आहे, आणि त्याचा धूर पक्ष्यांनाही चुकत नाही.

सुरय
मामा, न्यस्टेडचे पक्षी म्हणजे मुख्यतः आयडर बदकं. अंगाने जड, थव्याने उडणारी, किनाऱ्याच्या कडेकडेने जाणारी. आपल्याकडचा प्रवासी म्हणजे अमूर ससाणा. नागालँडहून निघतो, भारत ओलांडतो आणि पुढे थेट सोमालियाकडे अरबी समुद्र पार करतो. पुणेकरांना तो नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या आसपास दिसतोही. एकाचा स्वभाव दुसऱ्याला कसा लावता? शिवाय वेंगुर्ल्याजवळच्या खडकांवर घरटी करणारे सुरय आहेतच. ते समुद्रावरच जगतात, नुसते ओलांडून जात नाहीत.

मेगावॉट_मामा
ससाणा वाऱ्यावर स्वार होऊन बराच उंचावरून जातो. नव्या पवनचक्कीच्या पात्याचं टोक साधारण अडीचशे-पावणेतीनशे मीटरवर. वरून जाणाऱ्याला खालचं काय लागणार?

सुरय
हवा चांगली असेल तर वरून. समोरून वारा आला, पाऊस लागला की पक्षी खाली उतरतात. प्रश्न त्या वाईट रात्रींचाच आहे.

हर्णेकर, सध्या कोथरूड
पक्ष्यांवर एवढी चर्चा! खांबांच्या मधून मासेमारीची जाळी टाकता येणार का, यावर कुणी पीएचडी करतंय का?

वेधशाळेमागे
हर्णेकर, रास्त प्रश्न. त्याला वेगळा धागा हवा, काढा, मी येतो.

'वाईट रात्रीं'वरून नेदरलँड्सचं सांगतो. तिथे मे २०२३ मध्ये एका रात्री समुद्रातल्या पवनचक्क्या चार तासांसाठी जवळजवळ थांबवल्या, मिनिटाला दोनपेक्षा कमी फेरे. कारण त्या रात्री मोठं स्थलांतर होणार असा अंदाज होता. अंदाज दोन दिवस आधी मिळतो, म्हणजे वीजवाहिनी सांभाळणाऱ्यांना दुसरी सोय करता येते. आणि अंदाजामागचं गणित कुणाचं? अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पीएचडीचं. पक्ष्यांच्या रडारच्या नोंदी आणि हवामान यांची सांगड, बस.

हे काम पुण्यात नाही करायचं तर कुठे? हवामान खातं शिवाजीनगरला, मोसमी हवामानावर संशोधन करणारी आयआयटीएम पाषाणला. आयआयटीएमचं ढगांसाठीचं रडार मांढरदेवला आहे. अमेरिकेत तर पावसाच्या रडारवरूनच रोज रात्री किती पक्षी उडतायत ते काढतात. आपल्याकडे तोच पक्ष्यांचा प्रतिसाद 'कचरा' म्हणून गाळून टाकतात. भाचीने पहिल्यांदा तो कचरा मागून घ्यावा. अर्ज-विनंत्यांतच सहा महिने जातील, ते वेगळं.

मेगावॉट_मामा
चला, आता पैशाचं बोला. आपल्याकडे पवनविजेला 'मस्ट रन' दर्जा आहे, म्हणजे तयार झालेली वीज घ्यावीच लागते. पक्ष्यांसाठी चक्की बंद केली तर भरपाई कोण देणार? शेवटी बिलात तुम्ही-आम्हीच.

कवडीपाटकर
मामा, आकडा काढायच्या आधी कॅलेंडर बघा. आपला खरा वारा जून ते सप्टेंबर. ससाणे जातात नोव्हेंबर-डिसेंबरात, वारा पडलेला असताना. त्या चार-सहा रात्री बंद ठेवून जाणार किती?

मेगावॉट_मामा
आणि चातक? तो आफ्रिकेतून येतो तो नैऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर, ऐन जूनमध्ये. तुमचा ससाणा स्वस्त, पण चातक महाग पडणार. चक्की सगळ्यात जोरात फिरते तेव्हाच तो समुद्रावर असतो. आता बोला.

वेधशाळेमागे
मामा, हा प्रबंधाचा दुसरा अध्याय झाला.

मेगावॉट_मामा
अध्याय नाही, आक्षेप आहे! चातकाला डेनमार्कचं उत्तर चालणार नाही, एवढं मान्य करतो. पण मग शीर्षकातून 'समुद्रातल्या पवनचक्क्या' काढा. नुसतं 'अरबी समुद्रावरचं पक्ष्यांचं स्थलांतर' ठेवा. नसलेल्या प्रकल्पावर निष्कर्ष काढल्याचा आरोप तरी येणार नाही.

कवडीपाटकर
शीर्षक राहणार. ते काढलं की प्रबंध पक्षीशास्त्राच्या कपाटात जाईल आणि निविदा काढणाऱ्याच्या टेबलावर कधीच पोचणार नाही. आपल्या पर्यावरण मूल्यांकनाच्या २००६च्या अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाहीच, जमिनीवर तर कुणी विचारतही नाही. खंभातच्या आखातात २०१७ मध्ये वारा मोजायला लायडार (लेसरने वारा मोजणारं यंत्र) बसवला, त्या मचाणावर पक्ष्यांसाठी एक रडार बसवा असं कुणाला सुचलं का?

मेगावॉट_मामा
त्या रडारची किंमत सांगा. मग पुढे बोलू.